सुईची एक खाच : जुन्या मोटारसायकलच्या कार्बोरेटरमध्ये सापडलेला इतिहास

१/१८
साताऱ्यात आमच्या घराच्या पडवीत आजोबांची मोटारसायकल दोन वर्षे गोणपाटाखाली उभी होती. १९८० च्या दशकाच्या अखेरीस घेतलेली. येत्या रविवारी भंगारवाला ती नेणार, असे घरात ठरले. तक्रार एकच होती : चोक ओढला की सुरू होते, जागच्या जागी चालते, मूठ पिळली की आचका देऊन बंद पडते. मी इतिहासात एम.ए. करते, यंत्रशास्त्राशी माझा संबंध नाही. हाताशी सहा दिवस होते. त्या सहा दिवसांत कार्बोरेटर उघडताना जो इतिहास वाचायला मिळाला, त्याचा हा धागा.

२/१८
आधी मूळ प्रश्न. पेट्रोल द्रवरूपात नीट जळत नाही. त्याचे सूक्ष्म तुषार हवेत मिसळावे लागतात. प्रमाण साधारण १४.७ भार हवेला १ भार पेट्रोल. हे मिश्रण करणारे भांडे म्हणजे कार्बोरेटर. त्याचे तत्त्व मोटारीहून फार जुने आहे. जोव्हान्नी बात्तिस्ता व्हेन्तुरी हा इटालियन धर्मगुरू आणि भौतिकीचा अध्यापक. नळी मध्येच अरुंद केली की तेथे प्रवाहाचा वेग वाढतो आणि दाब घटतो, याविषयीचे आपले प्रयोग त्याने १७९७ मध्ये पॅरिसमध्ये प्रसिद्ध केले. इंजिन हवा ओढते, ती त्या अरुंद गळ्यातून जाते, तेथील कमी दाब खालून पेट्रोल वर खेचतो. व्हेन्तुरीने हे पाण्यासाठी अभ्यासले होते. त्याच्या मृत्यूनंतर सहा दशकांहून अधिक काळाने पहिली पेट्रोल मोटार धावली.

३/१८
ऑगस्ट १८८८. जर्मनीतील मानहाइम. बेर्टा बेन्झ पतीला न सांगता दोन मुलांना घेऊन त्याची तीनचाकी मोटार बाहेर काढते आणि माहेरी, फोर्झहाइमला निघते. त्या गाडीचा कार्बोरेटर आजच्यासारखा नव्हता. भांड्यातील इंधनाची वाफ हवेबरोबर ओढली जाई. इंधन संपले तेव्हा व्हीसलोख गावातील औषधांच्या दुकानातून तिने लिग्रॉइन विकत घेतले. ते तेव्हा डाग काढण्यासाठी विकले जाई. वाटेत इंधनाची नळी तुंबली. ती तिने टोपीच्या पिनेने मोकळी केली. ही हकिकत बेन्झ कुटुंबाच्या आठवणींतून आपल्यापर्यंत आली आहे, म्हणून तपशील जपून वाचावेत. पण तुंबलेली इंधननळी हा मोटारयुगाच्या पहिल्या लांब प्रवासातच भेटलेला दोष आहे, हे लक्षात ठेवण्यासारखे.

४/१८
म्हणून पहिला नियम : कार्बोरेटरला हात लावण्याआधी पेट्रोल तेथवर पोहोचते का, ते पाहावे. टाकीच्या झाकणाला हवेसाठी बारीक छिद्र असते. ते बुजले की टाकीत निर्वात होतो, गाडी दोन-चार किलोमीटर जाऊन थांबते आणि झाकण उघडून लावले की पुन्हा चालू होते. त्यानंतर पेट्रोल कॉक, त्याची जाळी, मग नळी. आमच्या गाडीत कॉकच्या जाळीवर गंजाचा तांबूस गाळ होता. तो साफ केला, धार मोकळी झाली. आचका मात्र होता तसाच. एक सूचना : हे सारे मोकळ्या हवेत, जवळपास दिवा, विडी, उदबत्ती नसताना करावे.

५/१८
आता खुद्द कार्बोरेटर. १८९३ या एकाच वर्षी युरोपात दोन ठिकाणी तुषार उडवणारा कार्बोरेटर पेटंटच्या कागदावर आला. बुडापेस्टमध्ये दोनात बांकी आणि यानोश चोंका, तर डाइमलरचा सहकारी विल्हेल्म मायबाख. बांकी-चोंका यांना फुलांवर पाणी फवारणारी फूलवाली पाहून कल्पना सुचली, अशी गोड कथा सांगतात. शोधांच्या इतिहासात असे सफरचंद वारंवार पडते. कथेवर विश्वास ठेवण्यापेक्षा तिची गरज का भासली हे विचारावे. खरा मुद्दा हा की, प्रश्न पिकलेला असला की उत्तर एकाहून अधिक डोक्यांत उगवते.

६/१८
या नव्या रचनेचा प्राण म्हणजे तळाच्या वाटीत तरंगणारा फ्लोट. पेट्रोल ठराविक पातळीवर आले की फ्लोट वर उचलला जातो, सुईसारखी झडप बंद होते. संडासच्या फ्लशच्या टाकीतला गोळा तेच काम करतो. फ्लोटला भोक पडले किंवा झडपेत कचरा अडकला की पेट्रोल वाहू लागते. मिस्त्री लोक म्हणतात, ‘गाडी ओव्हरफ्लो होते.’ पातळी फार खाली गेली की इंजिन उपाशी राहते. फ्लोट कानाशी धरून हलवावा. आत पेट्रोल खळखळले तर तो फुटलेला आहे. आमचा फ्लोट कोरडा निघाला. वाटीच्या तळाशी मात्र जुन्या पेट्रोलचा चिकट, वार्निशसारखा थर होता.

७/१८
या साध्या फ्लोटने एकदा वैमानिकांचे प्राण संकटात आणले होते. १९४० च्या आकाशयुद्धात ब्रिटिश स्पिटफायर आणि हरिकेन विमानांच्या मर्लिन इंजिनांवर एसयू कंपनीचे फ्लोटवाले कार्बोरेटर होते. वैमानिकाने नाक एकदम खाली झुकवले की गुरुत्वाची दिशाच जणू उलटी होई. पेट्रोल वाटीत वर उसळे, जेट कोरडे पडे आणि इंजिन आचका देई. हीच स्थिती लांबली तर उलटा प्रकार होई : फ्लोटचे नियंत्रण सुटून पेट्रोलचा पूर येई आणि इंजिन गुदमरे. जर्मन मेसरश्मिट १०९ च्या इंजिनात थेट इंधन अंतःक्षेपण होते, त्यामुळे ते सूर मारून निसटत असे. पाठलाग करणाऱ्या ब्रिटिश वैमानिकाला आधी विमान उलटे करूनच सूर मारावा लागे. त्या क्षणभरात सावज हातचे जाई.

८/१८
उपाय काढला बिॲट्रिस शिलिंग या अभियंत्रीने. जन्म १९०९. मँचेस्टरला अभियांत्रिकी शिकून ती फार्नबरोच्या रॉयल एअरक्राफ्ट एस्टॅब्लिशमेंटमध्ये दाखल झाली. त्याआधी, १९३४ मध्ये, ब्रुकलँड्सच्या धावपट्टीवर नॉर्टन मोटारसायकलवरून ताशी १०० मैलांहून अधिक वेगाने फेरी मारून तिने गोल्ड स्टार पटकावला होता. इंजिनला पूर्ण ताकदीत लागेल तेवढेच पेट्रोल जाऊ देणारी, मधे भोक असलेली धातूची लहानशी चकती तिने इंधनाच्या मार्गात बसवली. मार्च १९४१ पासून ती विमानांवर बसू लागली. त्यासाठी विमाने दीर्घकाळ सेवेतून काढावी लागली नाहीत. दोष पूर्णपणे नाहीसा झाला नाही, पण पूर येणे थांबले आणि त्या घडीला तेवढे पुरेसे होते. तात्पुरता उपाय आणि कायमचा उपाय यांतला फरक जाणणे, हीही विद्वत्ताच.

९/१८
तिसऱ्या दिवशी मी हरले आणि गल्लीच्या टोकाच्या मिस्त्रीकाकांकडे गेले. वय सत्तरीपुढे. हात कापू लागल्याने त्यांनी दिवाळीनंतर गॅरेज बंद केले होते. म्हणाले, “पोरी, हत्यार मला धरवणार नाही. पण सांग, अडते ते केव्हा? मूठ किती फिरवल्यावर?” मला सांगता येईना. मी ‘गाडी अडते’ एवढेच टिपले होते. आमच्या विभागात संशोधनपद्धतीच्या पहिल्याच तासाला हेच शिकवतात : घटना कोणती, याआधी विचारा केव्हा आणि कोठे. ते शिकवणे मी दप्तरातच ठेवले होते.

१०/१८
त्यांच्या प्रश्नामागे शंभर वर्षांची रचना आहे. १९२० च्या दशकात ब्रिटनमधील अमॅक, ब्राउन अँड बार्लो आणि बिंक्स हे तीन कार्बोरेटर-निर्माते एकत्र आले आणि त्यांतून अमाल हे नाव जन्मले. सरकणाऱ्या स्लाईडचे अमाल कार्बोरेटर ब्रिटिश मोटारसायकलींवर सर्रास दिसू लागले. स्लाईडच्या पोटाला निमुळती सुई टांगलेली असते. मूठ पिळली की स्लाईड आणि सुई दोन्ही वर जातात. हवेची वाट रुंदावते आणि पेट्रोलचीही. वरवर एक दिसणारा कार्बोरेटर आत चार कारभाऱ्यांत वाटलेला असतो आणि प्रत्येकाचा अंमल मुठीच्या ठराविक फेरीपुरता.

११/१८
काकांनी मुठीवर आणि तिच्या शेजारी पांढऱ्या चिकटपट्टीचे तुकडे लावायला सांगितले, म्हणजे फेरी मोजता येते. मग ही वाटणी मनात धरावी :
• बंद मुठीपासून आठव्या हिश्श्यापर्यंत : स्लो जेट आणि हवेचा स्क्रू.
• आठव्यापासून पाव फेरीपर्यंत : स्लाईडच्या कडेचा तिरपा काप.
• पाव ते पाऊण : सुई आणि तिची खाच.
• पाऊण ते पूर्ण : मेन जेट.
सीमा काटेकोर नाहीत, एकाचा अंमल दुसऱ्यात मिसळतो. चोक किंचित ओढल्यावर गाडी सुधारत असेल तर पेट्रोल कमी पडते आहे. बिघडत असेल तर जास्त होते आहे. प्लगही साक्ष देतो : काळा आणि काजळलेला म्हणजे पेट्रोल अधिक, पांढुरका म्हणजे कमी, फिकट तपकिरी म्हणजे योग्य. आमचा प्लग पांढुरका होता आणि चोक ओढला की गाडी सुधारत होती.

१२/१८
दोन दोष येथे सापडले. पहिला, स्लो जेट. त्याचे भोक इतके बारीक की उजेडाकडे धरूनच दिसते. आमच्यातून उजेडच येत नव्हता. मी तार घालायला निघाले तेव्हा काका ओरडले. जेट पितळी असते. पोलादी तारेने भोक रुंदावले की माप कायमचे बिघडते. कार्बोरेटर क्लीनरमध्ये भिजवून, हवेच्या झोताने ते मोकळे केले. दुसरा दोष, कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधला रबरी जोड. त्याला भेगा होत्या. चालू इंजिनवर तेथे साबणाचे पाणी लावले तर आवाज बदलला, म्हणजे तेथून चोरटी हवा आत शिरत होती. आपण जेटला दोष देत बसतो आणि खरे भगदाड भलतीकडेच असते. नवा जोड ८० रुपयांना मिळाला.

१३/१८
चौथ्या दिवशी गाडी मुठीला साथ देऊ लागली आणि त्याच दिवशी तिने मला घाबरवले. स्टँडवर उभी असताना मूठ पिळून सोडली, तर आवाज खाली येईना. इंजिन किंचाळत राहिले. मी बटण दाबून ते बंद केले. हे अंगणात घडले. पोवई नाक्यावर, समोर एस.टी. असताना घडले असते तर? थ्रॉटल अडकणे हा जुन्या गाडीचा सर्वांत धोक्याचा दोष आहे. आधी हात बंद बटणाकडे किंवा चावीकडे आणि क्लचकडे जायला हवा. कारण शोधणे नंतर.

१४/१८
कारण होते केबल. तिच्या आतील तारेचे दोन धागे तुटून आवरणाच्या तोंडाशी अडकले होते. या केबलचाही जन्म नोंदलेला आहे : अर्नेस्ट मॉनिंग्टन बाउडन, ब्रिटिश पेटंट, १८९६. लवचीक पण दबणार नाही असे आवरण आणि आत सरकणारी तार. वळणावळणाने गेली तरी ओढ पोहोचते. पहिला मोठा उपयोग सायकलच्या ब्रेकसाठी झाला, मग मोटारसायकलींनी ती उचलली. सुरुवातीच्या अनेक मोटारसायकलींवर पिळायची मूठ नव्हती; हवेला एक आणि पेट्रोलला एक असे दट्टे असत आणि स्वाराला चालता चालता दोन्हींचा मेळ घालावा लागे. केबल बदलल्यावर दोन गोष्टी पाहाव्यात. मुठीला दोन-तीन मिलिमीटर मोकळी हालचाल असावी. आणि चालू इंजिनवर हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून पाहावे. आवाज चढला तर केबल कोठेतरी ताणली जाते आहे.

१५/१८
भारतात हे ज्ञान कारखान्यांबरोबर आले आणि गल्लीत रुजले. १९५५ मध्ये मद्रासमध्ये एनफिल्ड इंडिया उभी राहिली. १९६१ पासून मैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातून चेक बनावटीवर आधारलेल्या मोटारसायकली बाहेर पडू लागल्या. हा उद्योग उभारणारे इराणी कुटुंब मुंबईचे. एस्कॉर्ट्सची राजदूत पोलिश रचनेवरची. १९८० च्या दशकात जपानी भागीदारी आली, आकुर्डीची बजाजही तिच्यात होती. ब्रिटिश, चेक, पोलिश, जपानी अशा चार घराण्यांचे कार्बोरेटर एकाच मिस्त्रीच्या हाताखालून गेले. त्याने त्यांवर पुस्तक लिहिले नाही. हेल्पर पोराच्या कानाला ते शिकवले : “ऐक, आता भुकभुकते, आता मोकळी झाली.” मौखिक परंपरा म्हटले की आपण ओव्या आणि पोवाडे आठवतो. गॅरेजमधली परंपरा आपल्या व्याख्येत अजून आलेली नाही.

१६/१८
पाचवा दिवस. सारे दुरुस्त होऊनही एक लहानसा अडखळा राहिला. नेमका पाव आणि अर्ध्या फेरीच्या मधे. वाटणीनुसार तो सुईचा प्रांत. सुईच्या माथ्याला पाच खाचा असतात आणि एकीत बारीक क्लिप बसते. गाडीच्या माहितीपुस्तकात मधली, म्हणजे तिसरी खाच सांगितली होती. आमची क्लिप वरून दुसऱ्या खाचेत होती. क्लिप वर म्हणजे सुई खाली. सुई खाली म्हणजे पेट्रोल कमी. ती चुकून बसली की कोणी बसवली? उत्तर आजोबांच्या पेट्रोलच्या वहीत मिळाले. ते प्राथमिक शिक्षक होते. शाळेची रोजची जाऊन-येऊन २६ किलोमीटरची वाट. प्रत्येक वेळी किती लिटर भरले आणि किती अंतर झाले, हे ते लिहीत. नोव्हेंबर १९९० च्या पानावर एक ओळ आहे : ‘सुई एक खाच खाली. अडते थोडी, पण पुरते.’

१७/१८
ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेत गिळंकृत केले. कच्च्या तेलाचे भाव भडकले, भारतातही पेट्रोल महागले. पाठ्यपुस्तकात आखाती संकट आणि परकीय गंगाजळी यांवर आम्ही दहा-दहा गुणांची उत्तरे लिहिली. त्याच संकटाने साताऱ्यातील एका शिक्षकाच्या कार्बोरेटरमध्ये क्लिप एक खाच सरकवली आणि ती तीस वर्षांहून अधिक काळ तेथेच राहिली. ज्याला आम्ही बिघाड समजत होतो, त्यातला एक भाग आजोबांची काटकसर होती. आता प्रश्न माझा होता. खाच तशीच ठेवली तर पुरावा टिकतो. पण पेट्रोल कमी पडले की इंजिन तापते आणि झिजते. मिस्त्रीकाका म्हणाले, “गाडी चालवायची असेल तर मधे बसव. बघायची असेल तर तशीच राहू दे.” मी आधी सुईचे छायाचित्र घेतले, क्लिप तिसऱ्या खाचेत बसवली आणि वहीत त्यांच्या ओळीखाली तारीख घालून लिहिले : ‘सुई एक खाच वर.’ अडखळा गेला. रविवारी भंगारवाला आला, तेव्हा आईनेच त्याला चहा पाजून परत पाठवले.

१८/१८
१ एप्रिल २०२० पासून भारतात बीएस-६ मानके लागू झाली आणि नव्या दुचाकींतून कार्बोरेटर जवळजवळ हद्दपार झाला. त्याची जागा संवेदक आणि इंधन-अंतःक्षेपण यांनी घेतली. हवेसाठी ते चांगलेच झाले, त्याबद्दल हळहळ नको. पण नव्या गाडीत घरच्या माणसाला सरकवता येईल अशी खाच उरलेली नाही. पुढच्या संकटाची नोंद तेथे अशी सापडणार नाही. तुमच्या घरी जुनी गाडी असेल तर एवढे करा : उघडण्यापूर्वी छायाचित्रे घ्या, हवेचा स्क्रू पूर्ण आत जाईपर्यंत किती फेऱ्या बसल्या ते मोजून लिहा, क्लिप कोणत्या खाचेत आहे ते टिपा. मग साफ करा. आणि गल्लीतल्या मिस्त्रीकाकांकडे जाऊन विचारा, त्यांना कोणी शिकवले. मी येत्या शनिवारी वही घेऊन जाणार आहे. घरात अशी पेट्रोलची, खर्चाची, दुरुस्तीची वही कोणाला सापडली असेल तर खाली लिहा. एखादे पान असले तरी चालेल.